अमान्सिओ डिसिल्वा : ब्लूज आणि राग यांच्या सीमेवरचा विस्मृत गिटारवादक

भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या मिलाफाचा विषय निघाला, की पंडित रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन यांची जुगलबंदी आठवते किंवा जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांचा ‘शक्ती’ हा वाद्यमेळ. या मालिकेत एक नाव मात्र सहसा उच्चारले जात नाही. ते नाव आहे अमान्सिओ डिसिल्वा. १९३६ मध्ये मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या या गिटारवादकाने १९६९ मध्ये लंडनमध्ये ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ या दोन ध्वनिमुद्रिका केल्या. ‘शक्ती’ची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात यायला तेव्हा सात वर्षे अवकाश होता. या दोन्ही तबकड्यांवर सतार नाही, तबला नाही, तानपुराही नाही. भारतीय संगीताचा जो अंश त्यांत आहे, तो बहुतांशी डिसिल्वा यांच्या स्वररचनांतून आणि त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारांतून आलेला आहे. जॅझ आणि राग यांच्या संयोगाच्या इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि डिसिल्वा यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा अन्यायकारक का ठरते, हेही तीवरूनच कळते.

मुंबईच्या जॅझची गोमंतकीय पाळेमुळे

डिसिल्वा यांचे संगीत समजून घ्यायचे तर त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांकडे पाहावे लागते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडून असलेल्या शाळांमध्ये ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. या शिक्षणाचा मूळ हेतू धार्मिक होता. पण त्यातून नोटेशन वाचू शकणाऱ्या वादकांची एक मोठी परंपरा निर्माण झाली. उदरनिर्वाहासाठी हे वादक मुंबईत येत आणि धोबी तलावाच्या परिसरातील आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये राहत. मूकपटांची चित्रगृहे, हॉटेले, जिमखाने आणि पोलिसांचे बँड ही त्यांची कार्यक्षेत्रे होती.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आणि इतर वादक आले. जॅझ हे ज्यांचे स्वतःचे संगीत होते, अशा माणसांच्या शेजारी बसून ते शिकण्याची संधी मुंबईच्या गोमंतकीय वादकांना अशी प्रत्यक्ष मिळाली. आल्डोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे या पिढीतील सर्वांत प्रसिद्ध नाव. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात.

मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाल्यावर हॉटेलांतील रात्रीच्या मैफली रोडावल्या आणि अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना त्यांचा वाद्यमेळ दिला. त्यांपैकी अनेकांची नावे तेव्हा श्रेयनामावलीपर्यंत पोहोचली नाहीत. मात्र जॅझची आवड पूर्णपणे विझली नव्हती. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग. याच काळातील मुंबईत डिसिल्वा यांची जडणघडण झाली.

ब्लूजचे स्वर, रागाचे स्वर

जॅझचा पाया ब्लूज हा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीतून कायद्याने मुक्त झालेल्या, पण दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या गाण्यांतून हा प्रकार आकाराला आला. डब्ल्यू. सी. हँडी यांच्या ‘सेंट लुईस ब्लूज’ (१९१४) सारख्या रचनांमुळे तो छापील स्वरूपात सर्वदूर गेला. त्याची रूढ चौकट बारा मापांची असते. तीन मुख्य कॉर्डवर फिरत हे आवर्तन पुन्हा पहिल्या मापावर येते. तालाच्या आवर्तनाची सवय असलेल्या भारतीय श्रोत्याला त्यामुळे ब्लूजचा आराखडा फारसा परका वाटत नाही.

स्वरांच्या बाबतीत तर हे साम्य अधिक ठळक आहे. ब्लूजमधील तिसरा आणि सातवा स्वर शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या जागी रेंगाळतात. त्यांनाच ‘ब्लू नोट’ म्हणतात. आपल्याकडे जोग रागात आरोहात शुद्ध गंधार आणि अवरोहात कोमल गंधार घेतला जातो आणि त्या दोहोंच्या ओढाताणीतून रागाची आर्तता निर्माण होते. धानी रागाचे सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे पाच स्वर तर ब्लूज गिटारवादक ज्या पंचस्वरी सप्तकाचा आधार घेतात त्याच्याशी तंतोतंत जुळतात. सतारवादक पडद्यावर तार ओढून मींड घेतो. ब्लूजचा गिटारवादकही तार बोटाने बाजूला ओढूनच सूर वाकवतो. दोन्ही परंपरांत स्वराकडे जाण्याची वाट ही स्वराइतकीच मोलाची मानली जाते.

फरक आहे तो कॉर्डचा. रागसंगीताला षड्जाचा अखंड आधार लागतो, तर जॅझमध्ये कॉर्ड सतत बदलत असतात. कॉर्ड बदलला की त्याबरोबर स्वराचा अर्थही बदलतो आणि रागाचा भाव टिकत नाही. ही अडचण पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस बऱ्याच अंशी दूर झाली. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या ध्वनिमुद्रिकेने कमीत कमी कॉर्ड ठेवून एकाच स्वरसमूहावर दीर्घकाळ विस्तार करण्याची पद्धत रूढ केली. ‘मोडल’ जॅझ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीमुळे रागाच्या अंगाने विचार करणाऱ्या वादकाला जॅझमध्ये प्रशस्त अंगण मिळाले.

मुंबई, जयपूर, लंडन

गिटार हे जॅझमध्ये बराच काळ मागे बसून लय सांभाळणारे वाद्य होते. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात चार्ली ख्रिश्चन यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सॅक्सोफोनसारखे एकेरी स्वरांचे लांब विस्तार वाजवून ते पुढच्या रांगेत आणले. मुंबईतही गिटारला साथीच्या वाद्याचेच स्थान होते. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटार लोकप्रिय केली, पण ती मुख्यतः चित्रपटगीतांच्या धुनांपुरती. डिसिल्वा यांची वाट निराळी होती. त्यांना गिटारवर आयत्या वेळी सुचणारा विस्तार करायचा होता आणि त्यासाठी स्वतःच्या रचना हव्या होत्या.

त्यांच्या वादनाने प्रभावित होऊन जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ या नावांच्या रचना त्यांनी केल्या, त्यामागे हाच ऋणानुबंध आहे. याच काळात जॉईस या आयरिश शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. जॉईस डिसिल्वा या पुढे ब्रिटनमधील शेतीप्राण्यांच्या कल्याणाच्या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्त्या म्हणून ओळखल्या गेल्या. आपला मुलगा स्टेफानो याच्यावरील वैद्यकीय उपचारांसाठी या दांपत्याने १९६७ मध्ये लंडन गाठले.

ते वर्ष गिटार आणि भारतीय संगीत या दोहोंच्याही दृष्टीने विलक्षण होते. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन आणि अमेरिकेतून लंडनला आलेला जिमी हेंड्रिक्स यांनी ब्लूज गिटारला तरुणाईची भाषा बनवले होते. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये सतार आणि तबला वाजत होता. रविशंकर मॉन्टेरीच्या महोत्सवात हजारोंसमोर बसले होते. जॅझच्या क्षेत्रात जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरिएट आणि कोलकात्याचे व्हायोलिनवादक जॉन मेयर यांचा ‘इंडो-जॅझ’ प्रयोग १९६६ पासून सुरू झाला होता. त्यात पाच जॅझवादकांसमोर पाच भारतीय संगीताचे वादक बसत आणि मेयर लिहून दिलेल्या रचनांतून दोन्ही गटांना एकत्र आणत. प्रयोग धाडसी होता, परंतु दोन गटांमधील सांधा ऐकू येत असे.

‘इंटिग्रेशन’ : पियानोच्या जागी गिटार

लॅन्सडाउन स्टुडिओचे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी डिसिल्वा यांना ध्वनिमुद्रणाची संधी दिली. १९६९ मध्ये कोलंबियाच्या शिक्क्याखाली आलेल्या ‘इंटिग्रेशन’वर त्यांच्यासोबत डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), इयान कार (ट्रम्पेट व फ्लुगलहॉर्न), डेव्ह ग्रीन (बास) आणि ट्रेव्हर टॉमकिन्स (ड्रम) होते. हे चौघेही तेव्हाच्या ब्रिटिश जॅझमधील अग्रगण्य अशा रेंडेल-कार पंचकाचे सदस्य. त्या पंचकातील पाचवे वादक होते पियानोवादक मायकल गॅरिक. ‘इंटिग्रेशन’मध्ये पियानोची ती जागा गिटारने घेतली.

हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचा परिणाम दूरगामी आहे. पियानोचे स्वर ठरलेल्या पट्ट्यांवर बांधलेले असतात. त्यांना मींड नाही, श्रुतीची लवचीकता नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमवर बंदी घातली होती, तिच्यामागील एक प्रमुख आक्षेप हाच होता. पियानो गेल्यामुळे डिसिल्वा यांच्या संचातील स्वरांना वाकायला जागा मिळाली. ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘क्राय फ्री’, ‘महाराणी’ अशी नावे असलेल्या या रचनांत गिटार कधी सुरावट मांडते, कधी कॉर्डचा विरळ आधार देते आणि विस्ताराच्या वेळी ब्लूज व राग यांच्या सामाईक प्रदेशात वावरते. ऐकणाऱ्याला एखादा स्वरसमूह धानीसारखा वाटतो तोच तो ब्लूजकडे वळतो. हा वळसा नेमका कोठे पडला, हे सांगणे अवघड होते. तबकडीवरील ‘जॉईस कंट्री’ ही रचना पत्नीच्या नावाची आहे. आयर्लंडच्या पश्चिम भागातील एका प्रदेशाचेही तेच नाव आहे.

‘हम दोनो’ : दोन उपेक्षितांची भेट

त्याच वर्षीची ‘हम दोनो’ ही डिसिल्वा आणि जो हॅरिएट यांची संयुक्त ध्वनिमुद्रिका. हॅरिएट यांनी १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये मुक्तशैलीच्या जॅझचा स्वतंत्र मार्ग शोधला होता. परंतु वसाहतीतून आलेल्या कृष्णवर्णीय कलावंताच्या नवतेची दखल घेण्याची तयारी त्या काळच्या लंडनमध्ये पुरेशी नव्हती. जमैकाचा एक आणि मुंबईचा एक, असे हे दोन स्थलांतरित कलावंत. ध्वनिमुद्रिकेचे हिंदी नाव त्यांच्या सहप्रवासाला शोभणारे आहे.

त्यांच्या साथीला इयान कार, डेव्ह ग्रीन, ड्रमवादक ब्रायन स्प्रिंग आणि गायिका नॉर्मा विन्स्टन होत्या. विन्स्टन यांचा आवाज येथे शब्दांविना, एखाद्या सुषिर वाद्यासारखा वापरला आहे. ‘स्टेफानोज डान्स’ ही मुलाच्या नावाची रचना, तर ‘बॅलड फॉर गोवा’ हे पूर्वजांच्या भूमीला केलेले अभिवादन. हॅरिएट यांचा सॅक्सोफोन तीव्र, टोकदार आणि अस्वस्थ आहे; डिसिल्वा यांची गिटार मवाळ, गोलाईदार आणि संयत. या दोन स्वभावांचा तोल हे या ध्वनिमुद्रिकेचे खरे वैभव होय. मेयर यांच्या प्रयोगात दोन संस्कृती समोरासमोर बसलेल्या दिसतात, तर येथे त्या एकाच वादकाच्या हातात नांदतात.

तबकडीची विक्री मात्र मर्यादित राहिली. हॅरिएट यांचे १९७३ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी निधन झाले. ‘हम दोनो’ चार दशकांहून अधिक काळ पुन्हा प्रसिद्ध झाली नाही आणि तिच्या मूळ प्रती संग्राहकांमध्ये भारी किमतीला विकल्या जाऊ लागल्या.

केशव साठे आणि ‘कोकण डान्स’

१९७१ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’ ही डिसिल्वा यांची सौम्य प्रकृतीची ध्वनिमुद्रिका आली. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाच्या संचासाठी त्यांनी ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही दीर्घ रचना केली. येथे मात्र भारतीय वाद्ये आली. सतारीवर विराम जसाणी होते आणि तबल्यावर केशव साठे.

केशव साठे यांची ओळख मराठी वाचकांना स्वतंत्रपणे करून द्यायला हवी. मुंबईचे हे तबलावादक पन्नाशीच्या दशकात लंडनला गेले. हॅरिएट-मेयर यांच्या संचात त्यांनी तबला वाजवला, १९६७ मध्ये स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्याबरोबरच्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या ध्वनिमुद्रिकेत ते होते आणि पुढे जॉन रेनबर्न यांच्या लोकसंगीताच्या संचातही त्यांनी साथ केली. युरोपातील जॅझ आणि लोकसंगीताच्या मंचावर तबल्याला हक्काची जागा मिळवून देणाऱ्यांत साठे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. तरीही महाराष्ट्रात ते जवळजवळ अपरिचितच राहिले.

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘कोकण डान्स’मध्ये डिसिल्वा यांच्याबरोबर साठे, सतारवादक क्लेम अल्फर्ड आणि जुने सहकारी डॉन रेंडेल पुन्हा एकत्र आले. ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ ही यातील एक रचना. मुंबईचा रस्ता आणि कोकणची किनारपट्टी ही दोन्ही स्मरणस्थळे लंडनच्या स्टुडिओत अशी सुरांत उतरली. ही मुद्रणे त्या वेळी अप्रकाशित राहिली. ती श्रोत्यांसमोर आली, तेव्हा डिसिल्वा हयात नव्हते.

विस्मरण का झाले?

पहिले कारण काळाचे. डिसिल्वा यांनी पदार्पण केले तेव्हा लंडनमधील तरुण श्रोता रॉककडे वळला होता. इयान कार यांनीही त्याच सुमारास रॉकच्या लयीवर आधारलेला ‘न्यूक्लियस’ हा संच काढला. आवाज चढवणाऱ्या, तंत्राने दिपवणाऱ्या गिटारवादकांच्या त्या पिढीत डिसिल्वा यांची मितभाषी गिटार ऐकू येण्याजोगी राहिली नाही.

दुसरे कारण वर्गीकरणाचे. ब्रिटिश जॅझचे इतिहासकार त्यांना भारतीय प्रयोगाच्या सदरात टाकत, तर भारतीय संगीताचे अभ्यासक जॅझवादक म्हणून बाजूला ठेवत. गोमंतकीय वादकांचा अभ्यास झाला तोही बहुधा हिंदी चित्रपटसंगीताच्या संदर्भात; डिसिल्वा यांची मुख्य कामगिरी त्या दालनाबाहेरची. ज्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे नाव टिकून आहे, त्या सर्व लंडनमध्ये झाल्या. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला आणि शहरातील जॅझला नवी उभारी आली, त्याच्या दशकभर आधीच ते मुंबई सोडून गेले होते.

तिसरे कारण आपल्या वाचनव्यवहाराचे आहे. औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत ख्याल, नाट्यसंगीत आणि चित्रपटगीते यांवरील मराठी ग्रंथ सहज हाती लागतात. मुंबईच्या जॅझवरील मराठी पुस्तक मात्र दुर्मीळ. मुंबई ही मराठी मुलुखाची राजधानी असूनही तिच्या हॉटेलांत आणि कुडांत घडलेला हा सांगीतिक इतिहास मराठीत पुरेसा उतरलेला नाही.

उत्तरायुष्य आणि प्रभाव

ध्वनिमुद्रणाच्या संधी आटल्यावरही डिसिल्वा यांनी गिटार खाली ठेवली नाही. हॅम्पशायरमधील ब्रॉकवुड येथे जे. कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेल्या शाळेत त्यांनी संगीत शिकवले. १९८३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘सपना’ हे त्यांचे कामही बरेच उशिरा, त्यांच्या पश्चात प्रकाशात आले. १९९६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रभावाचे मोजमाप शिष्यपरंपरेने किंवा विक्रीच्या आकड्यांनी करता येत नाही. तो प्रभाव एका विचाराचा आहे. मिलाफासाठी दोन देशांतील वाद्ये शेजारी मांडणे पुरेसे नाही. वादकाच्या कानातच दोन्ही भाषा मुरलेल्या असाव्या लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस भारतात ‘रागा रॉक’ (१९७०) या ध्वनिमुद्रिकेतून अशाच शोधात होते. म्हणजे हा एकट्याचा लहरी प्रयोग नव्हता. एका पिढीला पडलेला तो प्रश्न होता. एकविसाव्या शतकात साठ-सत्तरच्या दशकांतील ब्रिटिश जॅझकडे नव्या श्रोत्यांचे लक्ष गेले, जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि डिसिल्वा यांच्या जवळजवळ सर्व महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा उपलब्ध झाल्या. मुंबईत २०११ पासून मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला, तेव्हा या संगीताला शहरात मोठा श्रोतृवर्ग असल्याचे दिसून आले. त्या श्रोत्यांपैकी अनेकांना आपल्याच शहरात जन्मलेला हा वादक नव्याने भेटायचा आहे.

काय ऐकावे?

प्रथमच ऐकणाऱ्याने ‘इंटिग्रेशन’मधील ‘जयपूर’पासून आरंभ करावा, तिची सुरावट एकदा ऐकली की मनात राहते. त्यानंतर ‘हम दोनो’ सलग ऐकावी आणि सॅक्सोफोन व गिटार यांच्या स्वभावभेदाकडे लक्ष द्यावे. तबल्याच्या ठेक्यावर चालणारे डिसिल्वा ऐकायचे असल्यास ‘कोकण डान्स’ घ्यावी. रागसंगीताचा कान असलेल्या श्रोत्याने गंधार आणि निषाद या दोन स्वरांचा माग काढीत जावे. हे दोन स्वर जेथे शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये थबकतात, तेथेच या गिटारवादकाचे घर आहे.